ईरी सरोवर आणि काळी दलदल

उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या दुखण्याचे मूळ शोधू लागले की आपण शेतात जाऊन पोहोचतो.

सरोवराच्या नैर्ऋत्येस, ओहायो राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक अफाट दलदल होती. लोक तिला 'मोठी काळी दलदल' म्हणत. गाड्या चिखलात रुतत आणि वस्ती करणाऱ्यांची हिवतापापासून सुटका नसे. १८५९ साली ओहायोच्या विधिमंडळाने चर खोदण्याविषयी कायदा केला. शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजलेल्या मातीचे नळ पुरले, पाणी ओढ्यांवाटे नदीला लावून दिले, आणि शतक सरेपर्यंत तेथे उत्तम शेते पिकू लागली. हा पराक्रम लहान नव्हता. परंतु पूर्वी जे पाणी रेंगाळत, गाळ मागे ठेवीत जाई, ते आता मॉमी नदीतून धावतच सरोवरात उतरू लागले. रोगट म्हणून काढून टाकलेली दलदल ही सरोवराची गाळणी होती!

पुढे शहरांचे मैलापाणी व कपडे धुण्याच्या चुऱ्यातील स्फुरद यांची भर पडली. १९६० नंतरच्या दशकात शेवाळ इतके माजले की ईरी 'मेले' असे लोक बोलू लागले. १९७२ साली अमेरिका व कॅनडा यांनी करार केला, सांडपाणी शुद्ध होऊ लागले आणि सरोवर सावरले.

पण १९९० नंतरच्या दशकात शेवाळ परतले. या वेळी मुख्य वाटा शेतातील खतांचा होता. कारखान्याचा नळ बोट दाखवून बंद करविता येतो. हजारो बांधांवरून झिरपणाऱ्या पाण्याला कोण अडविणार? माती वाहू नये म्हणून न नांगरता पेरण्याची पद्धत आली. तिने माती पुष्कळ वाचविली. परंतु वरच राहिलेले खत पावसात विरघळून जाते, असे अनेक अभ्यासक सांगतात. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहर व परिसरातील सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, कारण शेवाळाचे विष उकळल्याने जात नाही.

२०१९ साली ओहायो सरकारने जी योजना हाती घेतली, तिच्यात पाणथळ जागा पुन्हा निर्माण करण्याचे काम आहे. पणजोबांनी घाम गाळून जे आटविले, ते पणतू पैसे मोजून पुन्हा ओले करीत आहेत. जमीन मिळविताना पाण्याचा हिशेब मांडला नाही, तर तो पुढच्या पिढीला व्याजासह चुकवावा लागतो, हे या इतिहासाचे सांगणे आहे.