रानवाटेपासून जिप्सीपर्यंत : इटियाडोह–नवेगावबांध परिसरातील वनभ्रमंतीचा इतिहास

सारांश

गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह जलाशय व नवेगाव राष्ट्रीय उद्यान यांचा परिसर पिढ्यानपिढ्या पायी आणि पुढे सायकलीने ओळखला गेला. गेल्या काही दशकांत त्याची ओळख मोटारीच्या आसनावरून होऊ लागली. हे स्थित्यंतर कसे घडले, कायद्याचा त्यात कितपत वाटा आहे आणि चालणाऱ्या व सायकल चालविणाऱ्या पर्यटकाला आज कोठे वाव आहे, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बीजसंज्ञा : इटियाडोह, नवेगावबांध, वनभ्रमंती, सायकल, राष्ट्रीय उद्यान, वन्यजीव कायदा.

१. प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलाव, भातशेती आणि वन ही तीन अंगे एकमेकांत गुंतलेली आहेत. गाढवी नदीवर गोठणगावजवळ बांधलेले इटियाडोह धरण १९७० मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७५ मध्ये, नवेगाव राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. म्हणजे पाच वर्षांच्या अंतराने या भूमीचा एक भाग पाण्याखाली गेला आणि दुसरा संरक्षणाखाली आला. दोन्ही घटनांनी येथील जुन्या पायवाटांचा नकाशा बदलला.

आज नागपूरहून मोटारीने निघालेला पर्यटक कोहमाऱ्याला महामार्ग सोडतो, नवेगावबांधला पोहोचतो, दुसऱ्या मोटारीत बसून उद्यान पाहतो आणि पुन्हा पहिल्या मोटारीत बसून परततो. निसर्गाच्या सान्निध्यात घालविलेला हा दिवस शरीराच्या दृष्टीने बहुतांशी बैठाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल सुचविली आहे. सहलीचे दोन दिवस तरी या हिशेबात जमा व्हावेत, अशी अपेक्षा चूक म्हणता येणार नाही. परंतु प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. वन कोणाला, कोणत्या गतीने आणि किती जवळून कळते, हा ज्ञानाचाही प्रश्न आहे.

२. चालणाऱ्यांनी घडविलेला प्रदेश

नवेगावचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. त्यांना पुढे देवत्व लाभले आणि कोलासुर या नावाने त्यांची पूजा होऊ लागली. तलावाभोवतीच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. टेकड्यांमधील नेमकी कोणती फट बांधाने बुजवली असता किती पाणी अडेल, हे कोहळ्यांनी ओळखले ते उतार पायांखाली घालूनच. पूर्व विदर्भातील तलावांचे हे जाळे म्हणजे एका अर्थाने चालण्यातून सिद्ध झालेले भूगोलाचे ज्ञान होय.

गोंड समाजाच्या आणि इतर ग्रामस्थांच्या जीवनातही चालणे हा छंद नव्हता, तो व्यवहार होता. चैत्र-वैशाखात मोहफुले वेचणे, त्यापाठोपाठ तेंदूपाने तोडणे, आठवडी बाजार गाठणे, सोयरिकीला जाणे हे सारे पायी चाले. गोठणगावजवळच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीला भरणारी यात्रा या पायपिटीचे सामूहिक रूप आहे. याच डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. भाविक दोन्हींकडे चढून जातात. 'ट्रेकिंग' हा शब्द या भागात येण्यापूर्वी कितीतरी आधीपासून येथे डोंगर चढला जात होता. फक्त त्याचे प्रयोजन वेगळे होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया–नागभीड अरुंदमापी रेल्वे सुरू झाली आणि हा प्रदेश बाहेरच्या जगाशी जोडला गेला. तरीही स्थानकापासून गावापर्यंतचे अंतर बैलगाडीने किंवा पायीच कापावे लागे. पुढे ही उणीव सायकलीने भरून काढली. शिक्षक, टपाल वाटणारे, तालुक्याच्या शाळेत जाणारे विद्यार्थी, वनखात्यातील कनिष्ठ कर्मचारी यांना सायकलीने रानातील कच्च्या वाटा जवळ आणून दिल्या. सायकल आवाज करीत नाही, धूळ फारशी उडवीत नाही आणि हवे तेथे थांबता येते. त्यामुळे पायी चालणाऱ्याची नजर सायकलस्वाराकडे टिकून राहिली. केवळ त्याचा पल्ला वाढला.

३. पायी लिहिलेले साहित्य

या प्रदेशाला मराठी साहित्यात स्थान मिळाले तेही चालणाऱ्या लेखकांमुळे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. तेथे त्यांना माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा रान व पक्षी जाणणारा सोबती लाभला. वनविद्येचे शास्त्रीय शिक्षण घेतलेला अधिकारी आणि परंपरेने रान वाचणारा ग्रामस्थ एकत्र हिंडले, हे 'नवेगावबांधचे दिवस' या ग्रंथामागील खरे भांडवल होय. चितमपल्लींच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध पुस्तकाचे नाव 'रानवाटा' असावे, हेही सूचक आहे. पक्ष्यांची, झाडांची स्थानिक नावे त्यांनी मराठीत आणली. अशी नावे गावकऱ्यांच्या व आदिवासींच्या संगतीने हिंडतानाच गोळा होतात.

शेजारच्या नागझिऱ्याविषयीही हेच म्हणता येते. तेथे मुक्काम करून व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले. किरण पुरंदरे यांनी तेथे चारशे दिवस राहून 'सखा नागझिरा' सिद्ध केले. या तिन्ही लेखकांची प्रकृती भिन्न आहे. परंतु एकाच वाटेवरून पुन्हा पुन्हा जाणे, थांबणे, ऐकणे ही पद्धत तिघांचीही आहे.

४. कायदा, व्याघ्रप्रकल्प आणि मोटार

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये लागू झाला. त्यातील कलम २७ अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध घालते, तर कलम २८ अन्वये अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादी कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो. राष्ट्रीय उद्यानांनाही या तरतुदी लागू आहेत. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पर्यटकाने मोटारीतच बसले पाहिजे, असे या कलमांत कोठेही म्हटलेले नाही. तो दंडक पुढे प्रशासकीय नियमांतून रूढ झाला.

२००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही काळ थांबविले व प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाल्यावर ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू होऊ दिले. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. ठराविक फाटक, ठराविक वेळ, नोंदणीकृत वाहन आणि सोबत मार्गदर्शक ही चौकट आता सर्वपरिचित आहे.

या चौकटीमागील कारणे पोकळ नाहीत. वाघ, बिबट आणि विशेषतः अस्वल यांच्या वावराच्या प्रदेशात अनोळखी माणसाने पायी फिरणे धोक्याचे आहे. मोहफुले व तेंदूपाने गोळा करणाऱ्यांवर होणारे हल्ले ही पूर्व विदर्भातील कटू वस्तुस्थिती आहे. तथापि या व्यवस्थेतून एक विसंगती निर्माण झाली. वनरक्षक आजही पायी गस्त घालतो. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत स्वयंचलित कॅमेरे असले, तरी पहिल्या टप्प्यात कर्मचाऱ्यांना ठरलेल्या रेषांवरून चालत खुणा नोंदवाव्या लागतात. ग्रामस्थ पोटासाठी चालतो. चालत नाही तो केवळ पर्यटक. आणि रानाविषयी मत बनविण्यात त्याचाच आवाज मोठा असतो.

५. तुलनात्मक दृष्टिक्षेप

अमेरिकेतील यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये स्थापन झाले. १८९६ मध्ये लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली २५ व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांचे सायकल पथक तेथे जाऊन आले. सर्वसामान्य मोटारींना यलोस्टोनमध्ये अधिकृत प्रवेश मिळाला तो १९१५ मध्ये. म्हणजे त्या उद्यानाने मोटारीआधी सायकल पाहिली. पुढे मोटारींचा पूर आला, तसा प्रतिवादही उभा राहिला. अकेडिया उद्यानात जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी १९१३ ते १९४० या काळात बांधलेले सुमारे ७२ किलोमीटरचे मोटारमुक्त रस्ते आज पादचारी व सायकलस्वारांच्या उपयोगी पडतात. झायन उद्यानाच्या मुख्य दरीत २००० पासून हंगामात खासगी मोटारी थांबवून बससेवा चालविली जाते.

भारतातही उदाहरणे आहेत. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पर्यटक सायकल व सायकलरिक्षाने फिरतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी चालावयास येणाऱ्यांची परंपरा आहे आणि कान्हेरीच्या वाटेवर सायकलीही दिसतात. केरळमधील पेरियार येथे एकेकाळी चोरटी शिकार करणारे लोकच पर्यटकांना पायी रान दाखविणारे मार्गदर्शक बनले. केवलादेवची पाणथळ भूमी व नवेगावचे व्याघ्रक्षेत्र यांची सरसकट बरोबरी करता येणार नाही. परंतु मोटार हा एकमेव पर्याय नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

६. इटियाडोहचे स्थान

येथे इटियाडोहचे महत्त्व ध्यानात येते. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाबाहेर असलेला हा जलाशय, त्याभोवतीची झाडी, प्रतापगडाचा चढ, कालव्यांकाठच्या वाटा, १९७० च्या दशकात वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि भातखाचरांमधून जाणारे गावरस्ते हे सारे चालण्यास व सायकलीस अनुकूल आहे. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पातील सफारी बंद असते, नेमके तेव्हाच इटियाडोह भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागते आणि आसपासच्या गावांतील लोक ते पाहावयास लोटतात. महाराष्ट्रात आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच आढळणारा सारस पक्षी घनदाट वनात राहत नाही. तो तलावांकाठी व धानाच्या बांध्यांत वावरतो. त्याला पाहावयाचे तर धुऱ्यावरून हळू चालत जावे लागते आणि शेतकऱ्याशी बोलावे लागते.

तेव्हा महाविद्यालयीन सहलींनी मोटार ही मुक्कामापर्यंत नेणारी सोय मानावी, हे इष्ट ठरेल. नवेगावबांधला वाहन ठेवावे, पुढील प्रवास सायकलींनी करावा आणि प्रतापगड पायी चढावा. अंतर्भागात सफारी करावयाची तर नियम पाळूनच करावी. स्थानिक तरुणांना पायवाटांचे मार्गदर्शक म्हणून काम मिळाले, गावात सायकली भाड्याने मिळू लागल्या, तर पर्यटनाचा पैसा फाटकापाशीच न अडता गावात पोहोचेल. अर्थात अशा वाटा वनविभाग व ग्रामसभा यांच्या संमतीने, वन्यप्राण्यांचा वावर टाळून आणि दिवसाउजेडीच आखल्या पाहिजेत.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, इटियाडोह–नवेगावबांध परिसर घडविणारे, जाणणारे आणि शब्दांकित करणारे लोक चालणारे होते. कायद्याने वनाचे रक्षण केले, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. परंतु संरक्षणाच्या ओघात पर्यटक केवळ प्रेक्षक झाला आणि त्याच्या पायांचा मातीशी संबंध तुटला. गाभा क्षेत्राची शांतता न ढळविता परिघावर हा संबंध पुन्हा जोडता येण्याजोगा आहे. इतिहासाच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना या परिसरात न्यावे आणि कोलू पाटलांचा बांध मोटारीच्या काचेतून न दाखविता त्यावरून चालवून दाखवावा. तलाव बांधणाऱ्याने जो उतार पायांनी मोजला, तो पायांनीच समजतो.