दिनविशेष : ५ फेब्रुवारी की ६?

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन ब्रदर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले. क्रुसावर बांधून त्यांना भाल्यांनी भोसकण्यात आले. एकूण हुतात्मे २६, त्यांतील १७ प्रापंचिक! मग आपण त्यांचे स्मरण ६ तारखेस का करतो? ५ फेब्रुवारी हा दिवस प्राचीन काळापासून सिसिलीच्या संत अगाथा यांचा आहे, म्हणून.

८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद बहाल केले. २००८ साली संत अल्फोन्सा यांना संतपद लाभले, तेव्हा त्यांचा उल्लेख कुठे कुठे ‘पहिल्या भारतीय संत’ असा झाला. त्या पहिल्या भारतीय महिला संत होत, हे आम्ही आदराने नमूद करतो. पहिला मान १४६ वर्षे आधीच वसईला लाभला होता.