सीक्यूई परीक्षेत पुस्तक नेता येतं, पण कोणतं?

परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी आहे, हे ऐकलं की अर्धं टेन्शन तिथेच जातं. 'सर्टिफाइड क्वालिटी इंजिनिअर' म्हणजेच सीक्यूईच्या बाबतीत ते जरा लवकरच जातं. एएसक्यू या अमेरिकन संस्थेची ही परीक्षा संगणकावर होते. १७५ प्रश्न असतात, त्यातले १६० गुणांसाठी धरले जातात आणि वेळ मिळतो साधारण सव्वापाच तास. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. एवढ्या वेळात पुस्तक वाचून होत नाही, त्यात फक्त शोधता येतं.

म्हणून हँडबुक घेताना आधी शेवटची पानं उघडा. सूचीत 'सीपीके' किंवा 'टाइप टू एरर' शोधून बघा. अर्ध्या मिनिटात योग्य पान सापडलं नाही, तर लेखक कितीही मोठा असो, परीक्षेत ते पुस्तक कामाचं नाही.

मग तक्ते बघा. खरी गोची इथे होते. नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचा तक्ता प्रत्येक पुस्तकात सारखाच असेल असं आपण धरून चालतो, पण तो तसा नसतो. झेडची किंमत १.९६ असताना एका पुस्तकात ०.९७५० दिसेल, दुसऱ्यात ०.४७५० आणि तिसऱ्यात ०.०२५०. तिन्ही बरोबरच! पहिल्यात डावीकडचं सगळं क्षेत्रफळ दिलेलं असतं, दुसऱ्यात मध्यापासून झेडपर्यंतचं आणि तिसऱ्यात उजवीकडचं उरलेलं. सराव एका तक्त्यावर केला आणि परीक्षेत दुसरा उघडला, तर पद्धत अचूक असूनही उत्तर चुकतं. कंट्रोल चार्टचे स्थिरांकही एकाच पानावर हवेत. पाचच्या सॅम्पलसाठी ए-टू ०.५७७ आणि डी-फोर २.११४, हे शोधायला पानं उलटत बसायची वेळ येऊ नये.

आता नावं. एएसक्यूचं स्वतःचं 'सर्टिफाइड क्वालिटी इंजिनिअर हँडबुक' अभ्यासक्रमाच्या क्रमाने जातं, त्यामुळे एकच घ्यायचं असेल तर हेच घ्या. संख्याशास्त्र कच्चं असेल तर डग्लस मॉन्टगोमेरी यांचं स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोलवरचं पुस्तक जोडीला ठेवा. परीक्षेत सगळ्यात मोठा वाटा याच भागाचा असतो. आणि १९५१ पासून आवृत्त्या निघत असलेलं जुरान यांचं हँडबुक? ते नोकरीसाठी घ्या. पुरवठादाराशी वाद झाला किंवा गुणवत्तेचा खर्च साहेबांना पटवून द्यायचा असेल, तेव्हा ते उपयोगी पडतं. परीक्षेच्या टेबलावर मात्र तो जाडजूड ठोकळा अडचणच करतो.

'माझ्याकडे पीडीएफ आहे' म्हणणाऱ्यांसाठी: मोबाइल किंवा टॅबलेट आत नेता येत नाही. कागदावरचं, बांधलेलं साहित्यच चालतं, सुटी पानं नाहीत. सोडवलेल्या प्रश्नांचे संचही नेता येत नाहीत, त्यामुळे 'गाइड' म्हणून विकलं जाणारं सगळंच उपयोगाचं नसतं.

जुनी प्रत स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण एएसक्यू काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलते. संस्थेच्या साइटवर 'बॉडी ऑफ नॉलेज' मोफत मिळतं. ते समोर ठेवून पुस्तकाची अनुक्रमणिका ताडून बघा. 'रिस्क मॅनेजमेंट' हा स्वतंत्र भाग त्यात दिसत नसेल, तर ती प्रत जुन्या अभ्यासक्रमाची आहे.