मानेवरचा घट्टा

१९७८ सालचा चैत्र. धुळ्याच्या खाली, पांझरेच्या काठच्या एका गावाबाहेर तुम्ही उभे आहात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून थोडे दिवस आहेत. पऱ्हाट्या उपटून झाल्या, रानं मोकळी झाली, आणि पडीत जमिनीत दोन लांब पट्टे वखरून, ढेकळं फोडून सारखे केले आहेत. आज इथे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आहे. माणसं बांधावर बसली आहेत, बाभळीच्या फांद्यांवर चढली आहेत, सोडलेल्या गाड्यांच्या साट्यांवर उभी आहेत. गोडीशेवेच्या पाटीभोवती पोरांची गर्दी. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी हलत नाही.

तुमच्या शेजारी चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण त्याच्या जोडीला पाणी पाजतोय. आज सगळे त्याला नुसतं नावाने हाक मारतात. तुम्ही मात्र त्याला आत्तापासूनच आप्पा म्हणा, कारण पुढे तो आप्पा होणार आहे. त्याच्या जोडीतला ढवळ्या तापीकाठचा खिल्लार. पांढराशुभ्र, शिंगं मागे वळून वर गेलेली, पाय हरणाचे. खिल्लारांची ही तापी खोऱ्यातली जात. पश्चिम खानदेशात गुरांचे कळप राखणाऱ्या ठिलारी लोकांच्या नावावरून तिला ठिलारी असंही म्हणतात. दुसरा हरण्या, अंगाने थोडा भरलेला, स्वभावाने शांत.

"हात लाव भो, काही करत नही तो," आप्पा म्हणतो.

तुम्ही ढवळ्याच्या मानेवर हात ठेवता. वशिंडाच्या पुढे, जिथे जू बसतं, तिथे कातडी जाड झालेली आहे. केस झडलेले, हाताला खरखरीत, बोटाने दाबलं तर टणक लागणारा घट्टा. पावसाळ्यात तिफण, मग कोळपं, मग हिवाळाभर कापसाच्या गाड्या. कापूस एकाधिकार खरेदी सुरू होऊन सहा वर्षं झालीत. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागते आणि नंबर येईपर्यंत बैल जुवाशेजारी बसून रवंथ करतात. याच जोडीने आप्पाच्या बहिणीची पाठवणी दमणीतून केली. आणि आज हीच जोडी पळणार आहे.

आप्पाने गाडी हलकी केली आहे. साटा काढून ठेवला, आसाला वंगण दिलं, जुवाच्या शिवळा बदलल्या. पण चाकं तीच, धावा त्याच. काल या चाकांनी शेणखत वाहिलं.

दोन जोड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात. झेंडी पडते. पुढचे काही क्षण तुम्हाला नीट दिसतच नाहीत, धूळ, आरोळ्या, लोखंडी धावांचा खडखडाट आणि त्या सगळ्यावर एकच आवाज, "पयना रे पयना!" ढवळ्याची जोडी अर्ध्या कासऱ्याने पुढे निघते. आप्पाला बक्षीस मिळतं फेटा, नारळ आणि एक पितळी घागर. संध्याकाळी गावातून मिरवणूक निघते, आप्पाची आई बैलांच्या पायांवर पाणी घालते आणि त्यांना ओवाळते. दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा त्यांना वखराला जुपतो.

जायच्या आधी हरलेल्या जोडीकडेही बघा. मान वळवू नका. उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताच्या बारीक रेघा आहेत. पराणीच्या टोकाला लोखंडी आर बसवलेली असते, ती खुपसली की बैल जिवाच्या आकांताने पळतो. कुणी शेपटी पिरगाळतो, कुणी दाताने चावतो, कुणी बैलाला दारू पाजतो. हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. जुन्या पटाच्या आठवणी सांगताना आप्पाच्या पिढीची माणसं नेमकं हेच गाळतात. जुना काळ सांगायचा तर हेही सांगायला हवं, म्हणून तुम्हाला इथवर आणलं.

आता एक लांबची उडी, घरच्याच गाडीने लढवलेल्या दुसऱ्या एका शर्यतीकडे. १९ जून १९४९, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट. मातीचा गोल ट्रॅक, तशीच धूळ, तशीच उन्हात तळपणारी माणसं. मोटारींच्या शर्यती घेणारी नॅसकार ही संस्था आदल्याच वर्षी स्थापन झाली आहे आणि आज तिची नव्या प्रकारची पहिली शर्यत आहे. नियम सोपा: गाडी दुकानातून निघते तशीच आणायची, तिच्यात काही बदल करायचा नाही. ली पेटी नावाच्या गड्याने दुसऱ्याची ब्युइक मागून आणलीय आणि ती तो शर्यतीतच उलटी करणार आहे. ग्लेन डनवे फोर्ड घेऊन पहिला येतो. पण तपासणीत दिसतं की त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा पक्क्या केलेल्या आहेत, चोरटी दारू वाहणारे करायचे तशा. त्याला बाद करतात आणि लिंकन चालवणारा जिम रोपर विजेता ठरतो. घरच्या गाडीने शर्यत लढवायची, ही गोष्ट त्या माणसांनी इतकी मनावर घेतली होती.

त्याच स्पर्धेचे जुने चाहते आज हळहळतात, आणि त्यांची हळहळ समजायला खानदेशी माणसाला दुभाषा लागणार नाही. २०२२ पासून तिथे जी गाडी धावते, तिचा सांगाडा सगळ्या संघांना एकाच कारखान्यातून घ्यावा लागतो. फोर्ड, शेव्हरोलेट, टोयोटा यांच्यात फरक उरला तो वरच्या कवचाचा आणि इंजिनाचा. पूर्वी चाक बदलताना पाच नट काढायचे, त्यात हाताची सफाई दिसायची. आता मधोमध एकच नट. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीशी तिचं नातं फक्त नावापुरतं. मात्र त्याच जाणत्यांना हेही ठाऊक आहे की २००१ साली डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा चालक मेला, त्यानंतर मान सांभाळणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंती मऊ झाल्या, आणि त्यांच्या सर्वांत वरच्या मालिकेत त्यानंतर शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. सगळं जुनं परत द्या, असं त्यांच्यातला शहाणा माणूस म्हणत नाही.

चला परत खानदेशात. १९९५, २००५, अशी वर्षं तुम्ही भराभर ओलांडा. फक्त प्रत्येक वेळी गोठ्यात डोकावून बघा. एका गोठ्यात चार बैलांचे दोन झाले. दुसऱ्यात बैलांच्या जागी मोटरसायकल लागली. मुंबई-आग्रा रस्ता रुंद होतोय आणि शिरपूरपर्यंत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. सालदार मिळत नाही, ढेप महाग, कडबा महाग. तासाच्या भाड्याने नांगरट होते, मग वर्षभर दोन तोंडं पोसायची कशाला? पशुगणनेत हेच दिसतं. २०१२ साली देशात नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता, २०१९ साली तो सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत दोन कोटी.

म्हणून ७ मे २०१४ ला जेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येतो, जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती बंद होतात, तेव्हा पारावर बसलेल्या लोकांचा संताप ऐका, पण तो पुरता खरा मानू नका. २०११ च्या जुलैतच केंद्राने वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या यादीत बैल घातला होता. खेळासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत. "कोर्टनी पट मारा," असं पारावरचा प्रत्येक जण म्हणतो. माझं मत वेगळं आहे. कोर्टाने शर्यत थांबवली. पट त्याआधीच विझत आला होता, कारण जुवाखालून निघालेला बैल गोठ्यातूनही निघाला होता.

बंदीची वर्षं झपाट्याने जाऊ द्या. आडरानात चोरून होणाऱ्या शर्यती, पोलिसांची गाडी दिसताच उधळणारी माणसं, गुन्हे. २०१७ साली महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, उच्च न्यायालयात तोही अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने नियमांत राहून शर्यत घ्यायला परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. योगायोग बघा: त्याच आठवड्यात, २१ मे रोजी, १९९६ पासून नॅसकारच्या मुख्य मालिकेला मुकलेला नॉर्थ विल्क्सबरोचा जुना ट्रॅक पुन्हा गजबजला. दोन खंडांतले म्हातारे शौकीन एकाच आठवड्यात डोळे पुसत होते.

आता २०२४ चा माघ. पुन्हा तोच पांझरेचा काठ. मंडप, ध्वनिक्षेपक, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, वर घिरट्या घालणारा ड्रोन. रेषेवर बसवलेलं यंत्र सेकंदाच्या बारीक भागापर्यंत वेळ दाखवतं. जोड्या टेम्पोतून उतरतात, अंगावर झूल, पायाखाली गादी. गाडी म्हणावी असं काही नाही. मागे हलका छकडा, नुसता सांगाडा. पशुवैद्यकीय अधिकारी प्रत्येक बैल तपासून दाखला देतो. धाव १ हजार मीटरच्या आत. काठी नाही, चाबूक नाही, पराणी नाही. बैलाला छळलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड.

आप्पा आता सत्तरीचे आहेत. तुम्हाला ओळखत नाहीत, पण बसायला जागा देतात.

"पुठ्ठा देखा का?" ते म्हणतात. "एक वरखडा नही. हाई चांगलं व्हयनं. आम्ही लई मारं रे जनावरंले." हे म्हणताना ते तुमच्याकडे बघत नाहीत.

मग ते उठतात आणि जवळच्या एका बैलाच्या मानेवर हात ठेवतात. मालक पोरगा आधी दचकतो, मग म्हाताऱ्याचा हात ओळखून थांबतो. तुम्हीही हात लावा. मान मऊ आहे. केस दाट, खाली कातडी लोण्यासारखी. हा बैल कधी वखराला जुपलेला नाही. त्याला दूध, अंडी, सुकामेवा मिळतो. रोज पोहायला नेतात. त्याची किंमत ऐकून तुमच्या मनात शेताची किंमत येते. आणि शर्यतीशिवाय खिल्लाराचं वासरू आज कुणी राखणारही नाही, हे तितकंच खरं. शर्यत आहे म्हणून गाय वळूकडे नेली जाते, म्हणून गोऱ्हा विकला जात नाही. या पोराचा राग करावा असं त्यात काही नाही.

खटकतं ते वेगळंच. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीला पहिलं बक्षीस जेसीबी होतं. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यात फॉर्च्युनर असणार आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत, दाखले, चित्रीकरण हे सगळं निभावतो तो पुढारी किंवा पैसेवाला. लहान गावाच्या यात्रा समितीला ते झेपत नाही, आणि घरच्या जोडीच्या शेतकऱ्याला मैदानात उभं राहायची हिंमत होत नाही. जो बैल आजही तिफण ओढतो, त्याला आज मैदानात जागा नाही.

"आते पट ऱ्हायना नही, बजार व्हई गया," आप्पा म्हणतात. पण नुसते म्हणून थांबत नाहीत. तुम्हाला हाताला धरून आयोजकांच्या टेबलापाशी नेतात. तिथे पंचविशीतला एक पोरगा यादी घेऊन बसला आहे.

"भाऊ, पुढल्या साले एक फेरी अशी ठेव, ज्याना बैल घरना वखरले जुपतस त्याच फक्त. बाहेरना नही, विकत आनेल नही."

"आप्पा, पन ओळखाना कसा? कोनी भी म्हनी, मना बैल वखरले जुपस म्हनीसन."

"मानवर हात फिराव. घट्टा ऱ्हास. तो खोटा करता येत नही."

पोरगा हसत नाही. पेन खाली ठेवतो. "कितल्या जोड्या येतीन पन?"

आप्पा बोटं मोडत मोजू लागतात. वरच्या आळीतली एक, मळ्यातल्या भावकीची एक, नदीपलीकडे दोन, टेकडीकडच्या पाड्यावर तर अजून ट्रॅक्टर जातच नाही, तिथे तीन. "सात-आठ तं सापडतीनच," ते म्हणतात.

"मग परवानगीना कागद मी करस," पोरगा म्हणतो आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतो, "डॉक्टरले भी सांगी ठेवस. फेटा-नारय तुमनाकडथून."