एका छेदाचं कूळ

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर एकाच छेदातून शस्त्रक्रिया, ही गोष्ट नवी नाही. ७ एप्रिल १९०४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्पटन यंग यांनी वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी एकच छेद घेऊन अख्खी ग्रंथी काढली होती. १९४०च्या दशकात लंडनच्या टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटातून वाट काढली. तीही एकाच, पण लांबलचक छेदाची. कॅन्सर निघे, मात्र रक्त फार जाई आणि पुरुषत्व जवळजवळ हमखास जाई.

पुरुषत्व का जातं, हे कळायला १९८१ उजाडलं. हॉलंडमधल्या लायडन इथे पीटर डोंकर हे वयोवृद्ध शल्यचिकित्सक मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहात मज्जातंतू शोधत होते. प्रौढ देहात चरबीआड हरवणारे हे धागे तिथे स्वच्छ दिसले. ते ग्रंथीच्या आतून जात नव्हते, बाहेरून दोन्ही बाजूंना सरकत होते. म्हणजे ग्रंथी काढूनही ते वाचवता येणार होते! जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श तिथे हजर होते. पुढच्याच वर्षी त्यांनी तशी शस्त्रक्रिया केली. माझ्या मते या कुळाचा खरा मूळपुरुष हा शोध आहे. पुढची सारी यंत्रं त्याच्याच सेवेला आली.

१९९०च्या दशकात दुर्बीण आली आणि एका मोठ्या छेदाची पाच-सहा छोटी भोकं झाली. सरळ, मनगट नसलेल्या हत्यारांनी मूत्राशय आणि मूत्रमार्ग शिवून जोडणं महाकठीण होतं. २०००च्या सुमारास रोबोटने हत्याराला मनगट दिलं : आधी फ्रँकफर्टमध्ये आणि मग डेट्रॉइटला, केरळात जन्मलेल्या मणी मेनन यांच्या हाती.

२००८ साली क्लीव्हलँडच्या जिहाद काऊक यांनी सगळी हत्यारं एकाच भोकातून घातली. ती एकमेकांवर आपटत. फुली करून धरली, तर उजव्या हाताचं हत्यार आत डावीकडे चाले. २०१८ साली अमेरिकेत मूत्ररोगांच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळालेल्या 'दा विंची एसपी' रोबोटने ही अडचण सोडवली. अडीच सेंटिमीटरच्या एका नळीतून कॅमेरा आणि तीन हत्यारं आत शिरतात. आत गेल्यावर ती कोपरात वाकून बाजूंना फाकतात आणि कामाच्या जागी समोरासमोर येतात. त्यामुळे आतड्यांची पोकळी न उघडता थेट मूत्राशयातून ग्रंथी गाठता येते. यंग यांची जुनी वाटसुद्धा पुन्हा चालता येते.

व्रण लहान झाला, हे चांगलंच. पण कॅन्सर मुळापासून निघणं, लघवीवर ताबा राहणं आणि ते धागे शाबूत राहणं, हे आजही रोबोट चालवणाऱ्याच्या हातावर ठरतं. म्हणून घरात कुणावर ही वेळ आली, तर भोकं किती हे शेवटी विचारा. आधी विचारा : डॉक्टर, या आजाराला शस्त्रक्रिया हवीच का? तुम्ही स्वतः अशा किती केल्या आहेत? आणि तुमच्या किती रुग्णांचा लघवीवरचा ताबा वर्षभरात परत आला?