ड्रिंक अँड ड्राइव्हची केस झाली आणि वकील नाही. कोर्टात काय होतं, तुमचे हक्क कोणते?

थर्टी फर्स्ट असो, गटारी असो की साधा शनिवार, नाकाबंदीत पोलीस मशीन पुढे करतात आणि स्क्रीनवर आकडा दिसतो. त्यानंतर बहुतेकांच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, "पावती फाडून सुटता येईल का?"

नाही. सिग्नल तोडला किंवा हेल्मेट नसलं तर दंड भरून विषय संपतो. दारू पिऊन गाडी चालवणं हा मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालचा फौजदारी गुन्हा आहे. तडजोड शुल्क भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी याच कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे आणि त्या यादीत १८५ नाही. त्यामुळे ही केस रस्त्यावर, ॲपवर किंवा लोकअदालतीत मिटत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावंच लागतं.

वकील करण्याची सगळ्यांची ऐपत नसते. "एवढ्याशा केसला वकील कशाला?" असंही अनेकांना वाटतं. वकिलाशिवाय उभं राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण आपण कशाला हो म्हणतोय हे आधी माहीत असायला हवं.

कायदा नेमकं काय म्हणतो?

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं किंवा चालवण्याचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. अमली पदार्थांच्या अंमलाखाली गाडीवर ताबा ठेवता येत नसेल, तर तोही याच कलमात येतो. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, म्हणजे आपला कायदा त्याहून बराच कडक आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतरची शिक्षा अशी आहे:

- पहिला गुन्हा: ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.
- दुसरा किंवा त्यानंतरचा गुन्हा: २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

इथले शब्द नीट बघा. कैद "पर्यंत" आहे, दंड मात्र ठरलेला आहे. पूर्वी "२,००० रुपयांपर्यंत" दंड असायचा, त्यामुळे कोर्ट कमी दंड लावू शकत होतं. आता "साहेब, दंड थोडा कमी करा" या विनंतीला फारसा वाव उरलेला नाही.

"दोन पेग चालतात", "एक बिअर चालते" असं कायद्यात कुठेच नाही. वजन, जेवण, पिण्याचा वेग यानुसार आकडा बदलतो. शरीर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम या गतीनेच अल्कोहोल कमी करतं. लिंबूपाणी किंवा कॉफीने ती गती वाढत नाही.

नाकाबंदीत आणि पोलीस ठाण्यात तुमचे हक्क

पोलीस गणवेशात असतील आणि त्यांना रास्त संशय असेल, तर ते कलम २०३ खाली फुंकर मारायला सांगू शकतात. नकार देऊन फायदा होत नाही. संशय असताना नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. शिवाय सबळ कारण नसेल तर तो नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध धरता येतो, हे कलम २०५ मध्ये लिहिलं आहे.

चाचणीच्या वेळी या गोष्टींवर लक्ष ठेवा:

- मशीनची नळी नवी मागा. नुकतंच माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं औषध घेतलं असेल तर लगेच सांगा आणि १५-२० मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. तोंडात राहिलेलं अल्कोहोल तेवढ्या वेळात उडून जातं.
- प्रिंटवरची तारीख, वेळ, आकडा, नाव आणि गाडीचा नंबर वाचूनच सही करा. कोऱ्या कागदावर सही करू नका.
- या कलमाखाली अटक झाली, तर पोलीस ठाण्यात पुन्हा फुंकर चाचणी देण्याची संधी मिळायला हवी.
- अटकेनंतर २ तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. मात्र कोठडीतून सुटलात म्हणजे केस रद्द झाली, असं होत नाही.
- महिलेच्या रक्ताचा नमुना महिलेनेच किंवा महिलेच्या उपस्थितीत घ्यायचा असतो.
- अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि वकिलाशी बोलू देणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

हा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे आणि ठाणे अंमलदारही तो देऊ शकतात. जामीनदार आणण्याची ऐपत नसेल तर जातमुचलक्यावर सोडण्याची मागणी करता येते.

पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. त्याची पोच घेतल्याशिवाय जाऊ नका. आणि "इथेच मिटवू" या वाटेला जाऊ नका. लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याची शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे, म्हणजे मूळ गुन्ह्यापेक्षा कितीतरी जास्त. कुणी पैसे मागितले तर महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

तारखेच्या आधी काय करायचं?

सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा: चाचणीची प्रिंट, लायसन्स जप्तीची पोच, जामिनाचे कागद, समन्स, ओळखपत्र. पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं असेल तर त्याची आणि सोबतच्या कागदांची प्रत आरोपीला मोफत मिळते. ती मागा आणि घरी बसून नीट वाचा. नाव, वेळ, जागा, गाडीचा नंबर जुळतो का? मशीनच्या तपासणीचं प्रमाणपत्र जोडलंय का? डॉक्टरांच्या तपासणीची वेळ काय लिहिली आहे?

ई-कोर्ट्सच्या ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख कळते. तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं आणि जामिनाच्या अटी मोडल्याचं नवं लचांड मागे लागतं.

कोर्टात काय होतं?

साधारण सकाळी अकराच्या आधी पोचा. कोर्टरूमबाहेरच्या बोर्डावर आपला नंबर पाहा, मोबाइल बंद करा आणि पुकारा झाला की पुढे या. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका. न्यायाधीशांना "सर" किंवा "मॅडम" म्हटलं तरी पुरतं.

न्यायाधीश आरोप थोडक्यात सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?"

या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. कोर्टाच्या आवारात "हो म्हणा, दंड भरा, घरी जा" असा सल्ला हमखास मिळतो. पण "कबूल" म्हणण्याचा अर्थ "दंड भरतो" एवढाच होत नाही. त्यासोबत या गोष्टी येतात:

- दोषसिद्धीची नोंद होते. पुढच्या वेळी सापडलात तर तो "दुसरा गुन्हा" धरला जातो.
- त्यानंतर अपील फक्त शिक्षा किती झाली आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच करता येतं. "मी प्यायलोच नव्हतो" हे पुन्हा सांगता येत नाही.
- दंडासोबत कैद देण्याचा अधिकार कोर्टाकडे असतोच. "फक्त दंडच होईल" अशी हमी बाहेरचा कुणीही देऊ शकत नाही.
- नोकरीच्या फॉर्ममध्ये दोषसिद्धीबद्दल विचारलं, तर खरं लिहावं लागतं.

आकडा मर्यादेच्या बराच वर असेल, कागद व्यवस्थित असतील आणि अपघात झालेला नसेल, तर कबुली देणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. तेव्हा पहिलाच गुन्हा आहे, घर तुमच्यावर अवलंबून आहे, हे शिक्षा ठरण्याआधी शांतपणे सांगा. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची तरतूद १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आहे. ती मागता येते, पण द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं. दंड भरल्यावर पावती आणि निकालाची प्रत घ्यायला विसरू नका.

गोंधळ असेल तर "कागद वाचायला आणि विधी सेवेचा वकील मागायला वेळ हवा" असं स्पष्ट सांगून तारीख मागा.

"कबूल नाही" म्हटलं तर?

मग पुरावा सरकार पक्षाला द्यावा लागतो. पोलीस, पंच, डॉक्टर साक्षीला येतात आणि त्यांची उलटतपासणी तुम्हाला घेता येते. प्रश्न छोटे आणि कागदांवरच ठेवा: चाचणी किती वाजता घेतली? मशीन शेवटचं कधी तपासलं? गाडी कोण चालवत होतं? रक्ताचा नमुना कुणी सील केला?

पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही. १९७१ साली मुंबईच्या एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की रक्त किंवा लघवीची तपासणी झालेली नसताना तोंडाचा वास आणि अडखळती चाल यांवरून माणूस दारूच्या अंमलाखाली होता असं ठरवता येत नाही. पण फुंकर चाचणीची नीट प्रिंट असेल, तर "मला चढली नव्हती" हा बचाव चालत नाही. कलम १८५ आकडा बघतं, तोल नाही.

दोषी ठरवलं गेलं तर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात.

लायसन्स आणि विम्याचं काय?

कोर्टातला दंड भरला म्हणून आरटीओचा विषय संपत नाही. तिथे वेगळी नोटीस येते आणि म्हणणं मांडायची संधी मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अशा प्रकरणात लायसन्स किमान ३ महिने निलंबित करायला सांगितलं आहे. रिक्षा, टॅक्सी, ट्रक चालवणाऱ्यांसाठी हे ३ महिने १०,००० रुपयांपेक्षा महाग पडतात. त्यामुळे नोटिशीला लेखी उत्तर द्या आणि त्याची पोच घ्या.

गाडीचं नुकसान झालं असेल तर विमा कंपनी दारूचं कारण देऊन तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारू शकते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चाचणी झालेली नसली तरी कंपनी इतर पुराव्यांवरून हे सिद्ध करू शकते.

मोफत वकील कसा मिळतो?

महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समिती इथे साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील देण्याची जबाबदारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कोर्टावरही टाकली आहे.

या वेळी एकट्याने जाऊच नका

- अपघातात कुणी जखमी झालं किंवा गेलं असेल. तिथे भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात. २००६ च्या मुंबईतल्या कार्टर रोड अपघातात ७ मजुरांचा जीव गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली.
- हा दुसरा गुन्हा असेल.
- गाडी अल्पवयीन मुलाने चालवली असेल. तिथे पालक किंवा मालकालाच ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.
- रक्ताच्या नमुन्याबद्दल वाद असेल. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली होती.

प्यायलेल्या मित्राच्या हातात जाणूनबुजून चावी देणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे. तेव्हा पार्टीनंतर "चल, जवळच तर जायचंय" म्हणत चावी पुढे करण्याआधी रिक्षाला लागणारे दोनशे रुपये आठवा.