कोंड्यापासून कोलिस्टिनपर्यंत : कोंबडीच्या खाद्याचा इतिहास



स्मृतिव्याख्यानात इतिहास म्हटला की किल्ले, सनदा आणि वाडे यांची अपेक्षा असते. मी मात्र कोंबडीच्या दाण्याचा इतिहास मांडणार आहे. उचगाव आणि बेळगावच्या पश्चिमेकडील हा सारा पट्टा भाताचा मुलूख आहे. तांदूळ, कोंडा आणि परसातील कोंबडी यांचे नाते येथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. एका मोठ्या शास्त्रीय शोधाचे बीज याच नात्यात आहे.

१८८९ साली डच अमलाखालील जावा बेटावर, बटाव्हिया म्हणजे आजच्या जकार्ता येथे, ख्रिस्तियान आइकमन हे डॉक्टर बेरीबेरी रोगाचा जंतू शोधीत होते. जंतू सापडेना, परंतु त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंती उलगडा झाला. मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढऱ्याशुभ्र तांदळाचा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना देण्याचे नाकारले, कोंड्यासकट तांदूळ पुन्हा सुरू झाला आणि रोग हटला. पांढऱ्या तांदळात काही विष असावे, असा आइकमन यांचा प्रथम तर्क होता. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनी सांगितले की, दोष तांदळात असलेल्या वस्तूचा नसून तांदळातून गेलेल्या वस्तूचा आहे. ती वस्तू, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, १९२६ मध्ये कोंड्यातूनच शुद्ध स्वरूपात वेगळी करण्यात आली. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात आइकमन वाटेकरी झाले. आपल्याकडेही कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कबुतरांवर प्रयोग करून अशा उणिवेचे दुष्परिणाम दाखविले.

माझ्या लहानपणी गिरणीतून तांदळाबरोबर कोंडाही घरी येई आणि कोंबड्यांपुढे पडे. उरलेले अन्न ती स्वतः मिळवी : खळ्यावरचे दाणे, उकिरड्यातले किडे, बांधावरचा हिरवा पाला आणि अंगावर ऊन. पुढे कोंबडी शेडमध्ये गेली, तेव्हा एकेक गोष्ट तिच्यापासून तुटली आणि तुटल्यावरच तिची किंमत कळली. ऊन तुटले, तसे पिलांची हाडे मऊ पडू लागली. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन, म्हणजे ड जीवनसत्त्व पुरवून, हा दोष दूर होतो हे दाखविले. बंदिस्त कुक्कुटपालनाचा मार्ग त्याने मोकळा केला. कोपनहेगन येथे हेन्रिक डाम यांना स्निग्धांश काढलेल्या खाद्यावरील पिलांत रक्तस्राव दिसला. त्यातून के जीवनसत्त्वाचा शोध लागला. हे जीवनसत्त्व हिरव्या पाल्यात विपुल असते. १९३६ च्या सुमारास असे दिसून आले की, मँगॅनीज अत्यल्प प्रमाणात लागते, परंतु ते कमी पडले तर घोट्याचा सांधा सुजतो, शिर सरकते आणि पिलू उठू शकत नाही.

या साऱ्या पूरकांचे स्वरूप एकच आहे. अंगणातून जे काढून घेतले, त्याची ती परतफेड आहे.

यानंतर मात्र इतिहासाला वळण मिळते. केवळ वनस्पतिजन्य खाद्यावर पिले खुरटत. उकिरड्यात आणि मासळीच्या कुटात असलेले काहीतरी त्यांना लागे. १९४८ मध्ये ते ब-१२ जीवनसत्त्व म्हणून वेगळे झाले. त्याचा स्वस्त स्रोत शोधताना अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड यांनी ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या निर्मितीत उरणारा चोथा पिलांना दिला. पिले अपेक्षेपेक्षा अधिक वाढली. ती जादा वाढ जीवनसत्त्वाची नव्हती, चोथ्यात राहिलेल्या औषधाची होती. १९५० मध्ये हे जाहीर झाले आणि औषध खाद्याच्या पोत्यात शिरले. जीवनसत्त्वासाठी उघडलेल्या दारातून ते आत आले, हे मला या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण ही परतफेड नव्हती. अंगणातून प्रतिजैविक कोणी काढून घेतले नव्हते. त्याचा लाभ अस्वच्छ शेडमध्ये अधिक आणि स्वच्छ शेडमध्ये थोडा दिसे. म्हणजेच ते बऱ्याच अंशी स्वच्छतेचा मोबदला भरीत होते.

तो मोबदला महाग पडला. अल्प मात्रेत सतत दिलेल्या औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि चिवटपणाचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी आली. आपल्याकडे १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि कोंबडी परसातून उद्योगात आली. अंडी सामान्यांच्या ताटात पोहोचली, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु पोत्याबरोबर तोच प्रश्नही आला. कोलिस्टिन हे इतर औषधे निष्फळ ठरल्यावर माणसासाठी राखून ठेवलेले औषध. त्याला दाद न देणारे, जंतूंमध्ये पसरू शकणारे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये पशुखाद्यपूरकांसह अन्नोपयोगी जनावरांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी आज शेड आहे. त्यांना इतिहास एवढेच सांगतो की, पोत्यावरचे नाव वाचून थांबू नये. ही वस्तू कोंबडीला तिचे काय परत देते, हे विचारावे. जीवनसत्त्वे आणि क्षार यांचे उत्तर स्पष्ट आहे. आजारी पक्ष्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध देणे हेही योग्यच. पण ज्या वस्तूचे उत्तर मिळत नाही, तिच्या जागी कोरडा भुसा, स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि वेळेवरची लस ठेवावी. अन्यथा शेडमध्ये वाचविलेल्या कष्टाची किंमत उद्या गावातील एखादा रुग्ण मोजील.